दुर्गम प्रवास व आपत्कालीन सेवेसाठी लँड क्रूझर ७० मालिकेची सज्जता

लँड क्रूझर ७० मालिका ही जपानमधील टोयोटा कंपनीची, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवू शकणाऱ्या वाहनांची मालिका असून तिचे उत्पादन नोव्हेंबर १९८४ मध्ये सुरू झाले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील वाळवंटी प्रवास, आफ्रिका व पश्चिम आशियातील मदतकार्य, खाणकाम, रुग्णवाहतूक आणि लसवाहतूक अशा कामांसाठी ही वाहने वापरली जातात. मात्र कारखान्यातून बाहेर पडलेले वाहन जसेच्या तसे या कामांना पुरेसे ठरत नाही. त्यात कोणती साधने बसवावीत, कोणती टाळावीत आणि भार कोठे ठेवावा हे ठरवून वाहन तयार करणे, म्हणजे त्याची सज्जता होय. या लेखातील माहिती मुख्यतः ७८ या क्रमांकाच्या, 'ट्रूप कॅरिअर' या लांब व बंदिस्त प्रकाराला धरून दिली आहे. ऑस्ट्रेलियात या प्रकाराला लाडाने 'ट्रूपी' म्हणतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी जीपने रस्त्याविना चालणाऱ्या हलक्या वाहनाची कल्पना जगभर पोहोचवली. युद्धानंतरच्या काही वर्षांतच मुंबईत महिंद्र कंपनीने विलिज जीपची जुळणी सुरू केली. जपानमध्ये टोयोटाने १९५१ साली 'बीजे' नावाचे वाहन तयार केले आणि फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून त्याची क्षमता दाखवली. 'लँड क्रूझर' हे नाव १९५४ मध्ये आले. पुढे १९६० साली ४० मालिका आणि तिच्या जागी १९८४ साली ७० मालिका बाजारात आली.

या मालिकेची रचना मुद्दाम जुन्या वळणाची ठेवलेली आहे. शिडीसारख्या पोलादी चासीवर स्वतंत्र सांगाडा बसवलेला असतो. मागील आस पाट्यांवर तोललेला असतो. पुढे पूर्वी पाटेच होते, १९९९ पासून तेथे गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. मदतसंस्थांच्या अनेक वाहनांत ४.२ लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरचे, टर्बोविरहित डिझेल इंजिन असते. त्याची शक्ती आजच्या मानाने बेताचीच. पण त्यात इलेक्ट्रॉनिक भाग फार थोडे असल्याने संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही, अशी पाळी सहसा येत नाही. पाने, पकड आणि अनुभवी मिस्त्री एवढ्यावर बरीच दुरुस्ती होते. जवळचे गॅरेज शेकडो किलोमीटरांवर असते, तेथे हा गुण वेगापेक्षा मोलाचा ठरतो.

वजनाची मर्यादा

सज्जतेचा विचार बहुधा साधनांच्या यादीपासून सुरू होतो. वास्तविक तो वजनापासून सुरू व्हायला हवा. प्रत्येक वाहनाला माणसे, इंधन व सामान धरून कमाल वजनाची मर्यादा उत्पादकाने ठरवून दिलेली असते. ऑस्ट्रेलियातील ७८ प्रकारासाठी ती दीर्घकाळ ३,३०० किलो होती. २०२२ च्या अखेरीस ती ३,५१० किलो करण्यात आली. आठ सिलिंडरच्या इंजिनासह रिकाम्या वाहनाचे वजन सुमारे २,३०० किलो भरत असे, म्हणजे जुन्या मर्यादेनुसार हाती उरत असे साधारण एक टन.

एक टन ऐकायला पुष्कळ वाटतो, पण तो लवकर संपतो. पाच प्रौढ माणसांचे वजन साडेतीनशे ते चारशे किलो होते. पुढचा पोलादी बंपर आणि त्यातील विंच मिळून शंभर किलोच्या आसपास जातात. टपावरचे कॅरिअर, त्यावरचा तंबू, दुसरी बॅटरी, जादा स्टेपनी, मागचे लाकडी वा लोखंडी खण यांचे मिळून आणखी दोन-अडीचशे किलो धरावेत. पाणी लिटरला एक किलो भरते, त्यामुळे शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. डिझेल पाण्याहून हलके असले तरी १८० लिटरच्या भरलेल्या टाक्यांत सुमारे दीडशे किलो इंधन असते. उत्पादकाने दिलेल्या रिकाम्या वजनात इंधन धरले आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. ही बेरीज होईपर्यंत औषधे, अन्न, हत्यारे किंवा रुग्ण यांना जागाच उरलेली नसते.

मर्यादा ओलांडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. भरलेले वाहन डांबरी रस्त्यावर नीट चालते. पुढे खडबडीत वाटेवर काही दिवस गेल्यावर पाटे तुटतात, शॉक अॅब्सॉर्बर तापून निकामी होतात, चासीला तडे जातात. मागे खुला हौदा असलेल्या प्रकारांत आसाच्या मागे जड सामान लादल्यास चासी केबिनच्या पाठीमागे वाकल्याची उदाहरणे परिचित आहेत. अधिक बळकट पाटे बसवल्याने वाहन वर उचलले जाते, परंतु आस, बेअरिंगे व ब्रेक यांची ताकद त्याने वाढत नाही. पाटे बदलले म्हणजे वजनाचा प्रश्न सुटला, हा समज चुकीचा आहे.

भार कोठे ठेवला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. टपावरच्या ओझ्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि अचानक वळावे लागल्यास वाहन उलटण्याची शक्यता वाढते. कच्च्या रस्त्यावर एकट्या वाहनाला होणाऱ्या अपघातांत उलटण्याचा प्रकार फार घातक असतो. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारे यांसारख्या जड वस्तू खाली आणि दोन आसांच्या मधे ठेवतात. टपावर वाळूच्या फळ्या किंवा रिकामे कॅन अशी हलकी वस्तूच न्यावी. बंदिस्त वाहनात चालक व सामान यांच्या मधे मजबूत जाळी लावतात, कारण टक्कर झाल्यावर सुटे सामान पुढे फेकले जाते. जाळी ही दिखाऊ वस्तू नसल्यामुळे ती अनेकांच्या यादीतून सुटते.

टायर व हवा

कमी खर्चात सर्वाधिक उपयोग देणारा भाग म्हणजे टायर. मदतसंस्थांच्या गाड्यांवर अरुंद, उंच, १६ इंची आणि ट्यूब असलेले टायर पुष्कळ दिसतात. दिसायला ते जुनाट वाटतात. पण लोखंडी पहारीसारख्या टायर-लिव्हरने ते हाताने उतरवता येतात आणि ट्यूबचे पंक्चर कोणत्याही खेड्यात काढून मिळते. लांबच्या प्रवासाला दोन स्टेपन्या नेण्याचा प्रघात आहे.

वाळूत हवा कमी करणे हा मूलभूत उपाय आहे. डांबरी रस्त्यावर ३५ ते ४० पीएसआय दाब ठेवला असेल, तर मऊ वाळूत तो १५ ते १८ पर्यंत उतरवतात. हवा कमी झाल्यावर टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः लांबीला वाढतो, तेच वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक रुतण्याऐवजी वाळूवरून जाते. मात्र कमी हवेवर वेग वाढवल्यास टायर तापून फाटतो किंवा वळणावर रिमवरून निसटतो. म्हणून पक्का रस्ता लागताच पुन्हा हवा भरावी लागते आणि त्यासाठी चांगला कॉम्प्रेसर सोबत हवा.

या मालिकेत २००७ साली आठ सिलिंडरचे इंजिन बसवताना पुढचा भाग रुंद करण्यात आला, मागचा आस मात्र तसाच राहिला. परिणामी मागील चाके पुढील चाकांपेक्षा सुमारे ९५ मिलिमीटर कमी अंतरावर आली. पुढच्या चाकांनी दाबलेल्या चाकोरीतून मागची चाके नेमकी जात नाहीत, त्यामुळे वाळूत ओढ वाढते.

इंधनाचा अंदाजही वाळूवरूनच बांधावा. पक्क्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला १२ लिटर लागत असतील, तर १८० लिटरमध्ये दीड हजार किलोमीटर अंतर कापता येते. वाळूच्या टेकड्यांतून तोच आकडा २५ लिटरवर गेल्यास पल्ला ७२० किलोमीटरांवर येतो. ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट ही वाट सुमारे १,८५० किलोमीटर लांबीची आहे. तेथे मधल्या इंधनाची व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी लागते.

रुतलेले वाहन काढणे

बहुतेक वेळा फावडे, कमी केलेली हवा आणि चाकाखाली घालायच्या फळ्या एवढ्याने काम भागते. त्यानंतरच दोर व विंच यांचा क्रम लागतो. विंचची सांगितलेली ओढशक्ती ही ढोलावर दोराचा पहिलाच थर शिल्लक असतानाची असते. दोर गुंडाळला जाऊन थर वाढतात, तशी ओढ घटते. कप्पी लावून दोर दुहेरी केल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते व वेग निम्मा होतो. हा शाळेत शिकवला जाणारा कप्पीचाच नियम आहे.

ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा प्राणघातक असते. विशेषतः ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला ताणपट्टा अडकवून झटक्याने ओढल्यास तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा प्रकारे माणसे मृत्युमुखी पडली आहेत. म्हणून चासीला पक्के बसवलेले, ओढण्यासाठीच बनवलेले हूकच वापरतात, दोरावर जाड घोंगडे किंवा वजनदार आच्छादन टाकतात आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभे करतात. पोलादी तारेपेक्षा कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो आणि तुटल्यास कमी उसळतो. खडकावर घासून तो लवकर खराब होतो, हा त्याचा दोष.

पाणी व धूळ

इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणाऱ्या उभ्या नळीला स्नॉर्कल म्हणतात. ती लावली की गाडी पाण्यातून कशीही नेता येते, हा समज दूर होणे आवश्यक आहे. पाणी इंजिनात शिरल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल एवढाच धोका टाळते. वाहत्या पाण्याचा दाब आणि वाहनाचे तरंगणे यांवर तिचा काही उपाय नाही. गुडघाभर वेगवान प्रवाहही वाहन वाहून नेऊ शकतो. वाळवंटात तिचा खरा लाभ निराळा आहे: पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीपेक्षा वरची, तुलनेने स्वच्छ हवा इंजिनाला मिळते.

पाण्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. चालून तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. तेलात पाणी मिसळून गिअर खराब होतात. म्हणून आसाच्या श्वासनळ्या लांब करून इंजिनाच्या कप्प्यात उंचावर नेतात. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

माणसांच्या पाण्याचा हिशेब वेगळा करावा. मदतकार्याच्या 'स्फिअर' मानकांनुसार पिणे व अन्न यांसाठीच माणशी रोज अडीच ते तीन लिटर पाणी लागते. उष्ण वाळवंटात ते याहून बरेच अधिक धरतात आणि एकाऐवजी दोन-तीन भांड्यांत विभागतात, म्हणजे एक फुटले तरी सारे जात नाही.

संपर्क

ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८ साली उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली आणि आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने चालवायच्या पेडलवर वीज निर्माण करणारा रेडिओ तयार केल्याने दूरच्या वस्त्या तिच्याशी जोडल्या गेल्या. आज ते काम उपग्रह फोन, उच्च वारंवारतेचा रेडिओ आणि आपत्संदेश पाठवणारी लहान यंत्रे करतात. मदतसंस्थांच्या गाडीपुढील उंच काठीसारखा अँटेना याच रेडिओचा असतो. रेडिओ व शीतपेटीसाठी दुसरी बॅटरी ठेवून ती मुख्य बॅटरीपासून आपोआप वेगळी होईल अशी जोडणी करतात, जेणेकरून रात्रभर शीतपेटी चालली तरी सकाळी इंजिन सुरू होते.

सिम्पसन वाळवंटात वाहनावर जमिनीपासून किमान ३.५ मीटर उंच निशाण लावणे सक्तीचे आहे. वाळूच्या टेकडीपलीकडून येणाऱ्या गाडीला ते आधी दिसते.

रुग्णवाहिका व लसवाहन

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व स्वयंसेवी संस्थांसाठी अशी वाहने सज्ज करून पाठवण्याचे काम जिब्राल्टर येथील टोयोटा जिब्राल्टर स्टॉकहोल्डिंग्ज ही कंपनी करते. रेड क्रॉससारख्या संस्थांच्या वाहनांवर मोठे बोधचिन्ह, ध्वज आणि 'शस्त्रास मनाई' दर्शवणारे चित्र असते. संघर्षग्रस्त भागात चिलखतापेक्षा ही ओळखच अनेकदा संरक्षण देते.

रुग्णवाहिकेत स्ट्रेचर, सोबत बसणाऱ्याचे आसन, प्राणवायूची नळकांडी व सलाइनचा हूक बसवतात. येथे पाट्यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. टनभर ओझ्यासाठी केलेले पाटे एका रुग्णासाठी फार कडक ठरतात आणि मणक्याला इजा झालेल्या माणसाला प्रत्येक खड्डा जाणवतो. प्रवासी वाहनासाठी योग्य असलेले जड पाटे म्हणूनच रुग्णवाहिकेला लावत नाहीत. स्ट्रेचर शक्यतो मागील आसाच्या पुढे येईल असा बसवल्यास हिसके कमी होतात.

मार्च २०२१ मध्ये ७८ प्रकारावर आधारित शीतवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. टोयोटा त्सुशो, टोयोटा आणि बी मेडिकल सिस्टिम्स यांच्या सहकार्याने ते तयार झाले. त्यातील शीतकपाटाची क्षमता ३९६ लिटर असून त्यात लसींची ४०० वेष्टने मावतात. चालताना कपाटाला वाहनाकडून वीज मिळते, थांबल्यावर बाहेरून घेता येते आणि दोन्ही नसल्यास स्वतंत्र बॅटरीवर ते १६ तास चालते.

भारतातील कायदेशीर बाजू

भारतात वाहनात असे फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. पुढील बाजूस लावले जाणारे जाड लोखंडी गज डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने अनधिकृत ठरवले आहेत, कारण धडकेत पादचाऱ्याला त्यांनी अधिक इजा होते आणि एअरबॅगच्या कार्यातही अडथळा येऊ शकतो. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील सज्ज वाहनाची हुबेहूब नक्कल महाराष्ट्रातील रस्त्यावर चालवता येत नाही. टायरमधील हवा, सामानाची मांडणी, मधली जाळी, फावडे, दोर, पाणी आणि प्रथमोपचार पेटी यांना मात्र वाहनाच्या मूळ रचनेत बदल करावा लागत नाही.