एका यंत्रांत दोन कारभारी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तेव्हांपासून जुना संगणक टाकून न देतां त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसविण्याचा विचार कित्येक घरांतून होऊं लागला आहे. वडीलधाऱ्यांचे हिशेब विंडोजमध्यें असल्यानें तीही तशीच राहूं देतात, आणि एकाच यंत्रांत दोन कारभारी नांदूं लागतात. अशा वेळीं एका प्रश्नाकडे पुष्कळदां दुर्लक्ष होतें. कोणी कांहींच निवडलें नाहीं, तर दोहोंपैकीं कोणीं पुढें यावें?

उबुंटू बसविल्यावर हा निर्णय बहुधा ‘ग्रब’ नांवाचा लहानसा प्रोग्राम करितो. देवडीवरील पहारेकऱ्याप्रमाणें तो यादी दाखवून कांहीं सेकंद थांबतो, व उत्तर न आल्यास पहिल्या नोंदीस, म्हणजे सामान्यतः उबुंटूस, वाट देतो. विंडोज आपल्या दुरुस्त्या बसवितांना यंत्र मध्येंच बंद करून पुन्हा सुरू करिते. त्या क्षणीं जवळ कोणी नसेल, तर उबुंटू उघडते व दुरुस्ती अर्धवट लटकते. हिशेब जागच्या जागीं असतात. परंतु अनोळखी पडदा पाहून आजोबांना ते नाहींसेच झाले असें वाटतें.

यावर उपाय सोपा आहे. ‘ईटीसी’ या फोल्डरांतील ‘डिफॉल्ट’ फोल्डरांत ‘ग्रब’ नांवाची फाईल असते. ती प्रशासकाच्या अधिकारानें उघडून ‘ग्रब_डिफॉल्ट’ या ओळींत हवी ती नोंद लिहावी. तेथें क्रमांक चालतो. मात्र मोजणी शून्यापासून असल्यानें तिसऱ्या नोंदीचा क्रमांक २ होतो. यादींत नवी नोंद शिरल्यास क्रमांक सरकतो, म्हणून यादींत दिसतें तेंच संपूर्ण नांव अवतरणचिन्हांत लिहिणें बरें. शेवटीं टर्मिनलमध्यें ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिल्यावांचून बदल लागू होत नाहीं.

मागील वेळची निवडच पुढें चालविण्याचीही सोय ‘ग्रब’मध्यें आहे. एकट्याच्या यंत्रास ती उत्तम. पण एकत्र कुटुंबांत रात्रीं पुतण्यानें केलेली निवड सकाळीं काकूंच्या माथीं येते. म्हणून आम्ही वाचकांस एवढेंच सुचवूं कीं, ज्यास यादी वाचतां येते तो कळ दाबून आपलें काम साधून घेईल. आपोआप उघडणारी प्रणाली मात्र, निवड करावयाची असते हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या सोयीची असावी.