बाराच्या उन्हाचा हिशोब

एप्रिलात सकाळी नऊला रायगडातल्या थळच्या किनाऱ्यावर जा. जवळा वाळत पसरलेला असतो आणि बायका ओणव्या होऊन त्यातला कचरा निवडत असतात. डोक्याला फडकं, त्यावर पदर, उघडे फक्त डोळे. हे कुठल्याही मोहिमेने शिकवलेलं नाही, ते आजीकडून नातीकडे आलं. डोळे मात्र उघडेच राहिले. वाळूवरून, पाण्यावरून उसळणारं ऊन वर्षानुवर्षं त्यांत शिरत राहिलं. पेण-उरणच्या मिठागरांत तर पांढरं मीठच डोळ्यांवर तळपतं. डोळ्यात वडस वाढतं ते अशा उन्हाने.

उन्हाविरुद्धची जगातली गाजलेली मोहीम १९८१ची, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातली. सिड नावाचा चित्रातला कुरव पक्षी सांगायचा: सदरा चढवा, क्रीम लावा, टोपी घाला. गोऱ्या कातडीच्या त्या देशाला ती हवीच होती. त्याच वर्षी मे महिन्यात बॉब मार्ली गेला, पायाच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलानोमाने. सावळ्या माणसांत हा कर्करोग बहुधा तळव्यांवर किंवा नखाखालीच निघतो आणि उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून कुरवाचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. अंगात रंगच नसलेल्या मुलांना मात्र तो अक्षरशः लागू आहे. त्यांना क्रीम, टोपी, पूर्ण बाह्या लागतातच.

रायगडात ऊन सरकारदरबारी पोचलं ते माणसं मेल्यावर. मार्च २०१७च्या अखेरीस भिऱ्याचा पारा ४६.५ अंशांवर गेला, बातमी झाली आणि विरली. मग १६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला पुरस्कारमूर्तींचे लाखो अनुयायी, श्रीसदस्य, भर उन्हात बसले होते. चौदा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच दुपारी १२ ते ५ उघड्यावरच्या कार्यक्रमांना राज्य सरकारने मनाई केली. मला ते आजही सलतं. बाराचं ऊन टाळायचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

त्याच खारघरात टाटा स्मारकचं कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथून किनारा काही लांब नाही. पण अनवाणी पायाला काटा, शिंपला लागतच असतो. न भरणारी जखम, पसरणारा काळा डाग त्यांच्या नावावर खपून जातो. आशाताई घरोघरी जातातच. ‘तळपाय दाखव गं’ एवढं त्यांनी विचारलं, तरी पुष्कळ. आणि जवळा वाळतो त्या खळ्यावर एखादं छप्पर हवं. आज तिथे टेकायला ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेची सावली तेवढी असते, आणि बारा वाजता तीही होडीखाली जाते.