काळोख दाखवणारा पडदा

टीव्हीच्या दुकानात हल्ली ‘ओलेड’ हा शब्द असा उच्चारतात, की जणू अल्लाउद्दीनचा दिवाच! हा प्रकार आहे तरी काय, ते मी जरा समजावून घेतले.

साध्या एलसीडी पडद्यामागे दिवा सतत जळतो. पुढची द्रवस्फटिकांची झडप त्याचा उजेड सोडते वा अडवते. झडप पुरती मिटत नाही, म्हणून तिथली रात्र करडी दिसते. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी! कार्बनी संयुगांच्या, केसाहून शेकडो पटींनी पातळ थरांत एकीकडून इलेक्ट्रॉन येतात, दुसरीकडून त्यांच्या रिकाम्या जागा. दोघांची गाठ पडली की उजेड. वीज तोडली की निखळ काळोख.

१९८७ साली ईस्टमन कोडॅक कंपनीच्या चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १० व्होल्टांहून कमी दाबावर असा तेजस्वी दिवा उजळल्याचे प्रसिद्ध केले. २००७ साली सोनीने ११ इंची टीव्ही विक्रीस काढला. पडदा अवघा ३ मिलिमीटर जाड! आज अनेकांच्या खिशातल्या फोनलाही हाच पडदा असतो.

पण या तेजाला झीज आहे. निळा प्रकाश देणारी द्रव्ये लवकर थकतात. एखाद्या वाहिनीचे चिन्ह रोज तासन्‌तास एकाच कोपऱ्यात राहिले, तर तिथले ठिपके अधिक झिजून त्याची सावली कायमची उमटू शकते. तेव्हा दिवसभर बातम्या चालणाऱ्या, उन्हाने भरलेल्या दिवाणखान्यात हा महागडा पाहुणा आणण्यापूर्वी विचार करावा. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यांचे पैसे मात्र वसूल! पणती खुलते ती अमावास्येलाच ना?