रक्ताचे आंकडे आणि शरीराची तक्रार

वैद्यकीय तपासणीचे कागद ठेवण्याची एक पिशवी हल्लीं बहुतेक घरांत असतेच. वडील मंडळींची साखर, मुलांचें हिमोग्लोबिन, सुनालेकींचा थायरॉइड, असे सर्वांचे रिपोर्ट तींत एकत्र नांदत असतात. नवा कागद घरीं आला म्हणजे तो वाचण्याची आमची रीतहि ठरलेली असते. ठळक अक्षरांत कांहीं छापलें आहे काय एवढें पाहावयाचें, आणि नसेल तर “सर्व कांहीं ठीक आहे” असें म्हणून कागद पिशवींत टाकावयाचा. ज्याचें रक्त तपासलें त्याची तक्रार मात्र त्या पिशवींत जात नाहीं. ती त्याच्या अंगांतच राहते. अशा वेळीं काय समजावें आणि काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आम्ही कांहीं वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत मुलांना वाचावयास शिकविलें, आणि तरीहि घरांतला एक कागद चुकीचा वाचला. त्या चुकीनें जें शिकविलें तेंच येथें सांगत आहों.

ही गोष्ट २०२२ सालच्या श्रावणांतील आहे. आमच्या सूनबाईंना थायरॉइडची गोळी सुरू होऊन वर्ष होत आलें होतें. गोळी त्या नेमानें घेत. तरीहि दुपारपर्यंत अंग गळून जाई, जिना चढतां दम लागे, केंस गळत, तळपायांना मुंग्या येत. चुलीवर दूध ठेवलें आहे हेंहि त्या विसरून जात. रिपोर्टांत टी.एस.एच. २.४ आला. आम्हीं चष्मा लावून तो कागद पाहिला आणि म्हणालों, “रिपोर्ट उत्तम आहे, सूनबाई. आतां मनानें थोडी उभारी धरा.” सणावारांचें काम सर्वांनाच असतें, अशी पुस्ती घरांतील आणखी कोणीं तरी जोडली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. कागदाची घडी करून त्या आंत गेल्या.

पुढें पांच महिन्यांनीं, संक्रांतीच्या सुमारास, देवळांतून परततांना त्यांच्या एका पायांतली चप्पल निसटली. दहा पावलें पुढें गेल्यावर नातवानें सांगितलें तेव्हां कोठें त्यांस तें कळलें! डॉक्टरांनीं ही हकीकत ऐकतांच बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली. मिलिलिटरास निदान २०० पिकोग्रॅम असावें तें १४२ च भरलें. श्रावणांतला थायरॉइडचा आंकडा खोटा नव्हता. त्याला जें विचारलें होतें त्याचें त्यानें खरें उत्तर दिलें होतें. बी-१२ विषयीं कोणीं विचारलेंच नव्हतें, आणि आम्ही मात्र तें उत्तर साऱ्या शरीराचें प्रशस्तिपत्र समजून बसलों.

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास सैंधवाचें उदाहरण लवकरच भेटतें. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधु देशचा घोडाहि. पानावर बसलेल्या माणसानें सैंधव मागितलें तर मीठ वाढावें. प्रवासास निघालेल्यानें मागितलें तर घोडा आणावा. शब्द तोच, परंतु प्रकरण पाहिल्यावांचून अर्थ लागत नाहीं. रक्ताच्या आंकड्याचेंहि तसेंच आहे. तो कोणाचा, कोणत्या वयाचा, कोणतें औषध चालू असतांनाचा आणि कोणत्या तक्रारीसाठीं पाहिलेला, हें कळल्याशिवाय त्याचा अर्थ करूं नये.

कागदावर आंकड्याशेजारीं जी मर्यादा छापलेली असते ती कशी ठरते, हें प्रथम समजून घ्यावें. सामान्यतः पुष्कळशा निरोगी माणसांचें रक्त तपासून, त्यांतील मधल्या शेंकडा ९५ जणांचे आंकडे जेथपासून जेथपर्यंत पडतात, ती मर्यादा धरतात. म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकीं पांच जण व्याख्येनेंच मर्यादेबाहेर राहतात. एकमेकींशीं संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाहि एखादा तरी आंकडा बाहेर जाण्याचा संभव शेंकडा ६४ इतका येतो. तेव्हां एखादें ठळक अक्षर दिसतांच घाबरून जाऊं नये. उलट पक्षीं, ही मर्यादा रुंद असल्यामुळें आंकडा आंत असूनहि त्या माणसाच्या नेहमींच्या आंकड्यापासून बराच सरकलेला असूं शकतो. म्हणून जुने कागद टाकून न देतां नव्याशेजारीं ठेवून पाहावे. आंकड्यापुढील मापहि पाहावें. ड जीवनसत्त्वाचे २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल हें एकच प्रमाण आहे, पण माप न पाहणाऱ्यास तें दुपटीहून अधिक वाढलेलें वाटेल.

आतां थायरॉइडकडे वळूं. ही ग्रंथि गळ्याच्या पुढच्या बाजूस असते. तिच्यांतून टी-४ नांवाचा रस रक्तांत येतो आणि शरीराचा सारा व्यवहार कोणत्या गतीनें चालावा हें त्यावर ठरतें. मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि थायरॉइडला टी.एस.एच. या रसाच्या द्वारें आज्ञा करते. माजघरांतून वडील माणूस हांक मारतें तशीच ही गोष्ट आहे. काम वेळेवर झालें तर हांक हळू असते. काम रखडलें कीं हांक चढते. म्हणून टी.एस.एच. वाढला तर थायरॉइड मंद, आणि फार उतरला तर थायरॉइड अतिवेगी, असें बहुधा उलट वाचावें लागतें. प्रौढ माणसांत हा आंकडा साधारणतः ०.४ ते ४ असतो. गर्भवतीची मर्यादा निराळी असते आणि वृद्धांत तो थोडा चढलेला असणें स्वाभाविक आहे. टी.एस.एच. किंचित् वाढलेला परंतु टी-४ ठीक, अशी स्थिति पुष्कळदां आढळते. ती कधीं कधीं आपोआप निवळते. म्हणून दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां तपासून मगच निर्णय घेतात. टी.एस.एच. १० च्या वर टिकून राहिला तर बहुधा औषध देतात.

परंतु हांक मारणाऱ्याचाच आवाज बसला असेल तर? पिट्यूटरीच दुर्बळ झाली असेल तर टी.एस.एच. मर्यादेंत दिसूं शकतो आणि टी-४ मात्र कमी असतो. हा प्रकार विरळा आहे. तरीहि लक्षणें दाट असतील तर एकट्या टी.एस.एच.वर न थांबतां मुक्त टी-४ पाहावा काय, असें डॉक्टरांस अवश्य विचारावें.

गोळी घेण्याचाहि एक विधि आहे आणि घरोघर तो मोडतो. थायरॉक्सिनची गोळी पहाटे रिकाम्या पोटीं पाण्याबरोबर घेऊन चहा किंवा न्याहारी यांपूर्वीं अर्धा ते एक तास जाऊं द्यावा. कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या. नाहीं तर थायरॉक्सिन नीट शोषलें जात नाहीं. गोळीचें प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आंत तपासणी केली तर आंकडा अजून स्थिरावलेला नसतो. रक्त देण्याच्या दिवशीं गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी आणि प्रत्येक खेपेस वेळ शक्यतो तीच ठेवावी, कारण टी.एस.एच. दिवसभर सारखा राहत नाहीं. केंसांसाठीं बायोटिनच्या गोळ्या घेण्याची चाल अलीकडे पडली आहे. त्यांमुळें कांहीं यंत्रांवर टी.एस.एच. खोटाच कमी आणि टी-४ खोटाच अधिक दिसतो. त्या चालू असल्यास तपासणीपूर्वीं सांगावें आणि किती दिवस थांबवाव्या तें विचारावें.

इतकें सर्व बरोबर असून तक्रार राहिलीच, तर ती खोटी ठरविण्यापूर्वीं दुसरें कारण शोधावें. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत पहिला संशय बी-१२ चा घ्यावा. हें जीवनसत्त्व सूक्ष्म जंतूच तयार करतात. भाज्या, कडधान्यें, फळें यांत तें भरवंशाचें असें मिळत नाहीं; आमच्या आहारांत तें मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच येतें. प्रौढ माणसास रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढेंच लागतें. परंतु एकत्र कुटुंबांत दुधाची वांटणी कशी होते तें आठवून पाहावें. प्रथम मुलें, मग वडील मंडळी, मग पुरुष. आणि जी तें तापविते तिच्या वांट्यास चहांत घातलेलें दोन चमचे! पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पुण्याच्या परिसरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकीं शेंकडा ६७ जणांत बी-१२ कमी आढळलें. ही पाहणी तर पुरुषांची होती.

थायरॉइडशीं बी-१२ चा आणखी एक संबंध आहे. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनीं १९१२ सालीं ज्याचें वर्णन केलें, त्या विकारांत शरीराची रक्षणशक्ति स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. अशा कांहीं रोग्यांत ती जठरावरहि उलटते आणि मग अन्नांतील बी-१२ शोषलें जात नाहीं. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि पित्तावर रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या यांनींहि तें कमी होऊं शकतें. यकृतांत त्याचा सांठा वर्षानुवर्षें पुरेल एवढा असल्यामुळें उणीव हळूहळू, कोणाच्या ध्यानांत न येतां वाढते. साधारणतः २०० च्या खालीं कमतरता समजतात. २०० ते ३०० च्या मधला आंकडा संशयाचा मानून होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलॉनिक आम्ल यांची तपासणी सांगतात. रक्त देण्यापूर्वींच इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू केल्या तर आंकडा फुगतो आणि खरें चित्र झांकलें जातें.

याच संदर्भांत मुंबईचा एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा तिनें अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्कानें बरा होतो हें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. बी-१२ शुद्ध रूपांत हातीं आलें तें १९४८ सालीं. या दोहोंचें नातें ध्यानांत ठेवावें. बी-१२ कमी असतांना केवळ फॉलिक आम्ल घेतलें तर रक्त सुधारतें, हिमोग्लोबिन चांगलें दिसतें, आणि मज्जातंतूंची हानि मात्र आंतल्या आंत चालू राहते. म्हणून हिमोग्लोबिन ठीक आहे एवढ्यावरून बी-१२ ठीक आहे असें अनुमान करूं नये.

लोहाचेंहि असेंच आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाची रक्कम, आणि फेरिटिन म्हणजे कोठारांतील शिल्लक. खर्च भागत असतांनाहि कोठार रिकामें होत आलेलें असूं शकतें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसांत फेरिटिन १५ च्या खालीं गेलें म्हणजे लोहाची कमतरता मानते. अनेक डॉक्टर ३० च्या खालींच सावध होतात. मात्र ताप किंवा दाह असतांना हा आंकडा खोटाच चढतो. ड जीवनसत्त्व मिलिलिटरास २० नॅनोग्रॅमच्या खालीं असेल तर कमतरता समजतात. त्यासाठीं ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यास एक याप्रमाणें ठराविक आठवडेच देतात. गुण आला म्हणून ती आपल्या मनानें महिनोन्महिने चालू ठेवली तर रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो. शिवाय ड जीवनसत्त्व कमी असलेलीं माणसें आपल्याकडे इतकीं आहेत कीं, तो आंकडा कमी निघाला एवढ्यानें थकव्याचें कारण सांपडलें असें समजून शोध थांबवूं नये.

झोंप, मासिक स्रावाचें प्रमाण, ऋतुनिवृत्ति, साखर, मनाची उदासीनता हींहि थकव्याचीं कारणें आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक थायरॉइडच्या कागदावर उमटत नाहींत. म्हणून डॉक्टरांकडे जातांना केवळ रिपोर्ट नेऊं नये. एका वहींत तक्रार केव्हां सुरू झाली, दिवसाच्या कोणत्या वेळीं वाढते, कोणतीं औषधें कोणत्या वेळीं घेतलीं जातात, आहारांत दूध-दही खरोखर किती, हें लिहून न्यावें. “रिपोर्ट ठीक आहे काय?” असें विचारण्यापेक्षां “या तपासणीनें कोणतें कारण वगळलें गेलें आणि कोणतें अजून पाहावयाचें राहिलें?” असें विचारावें. हातापायांस बधिरपणा, चालतांना तोल जाणें, छातींत दुखणें, विनाकारण वजन उतरणें, जीव नकोसा वाटणें, यांपैकीं कांहीं असेल तर पुढच्या तपासणीची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

आमच्या सूनबाईंना इंजेक्शनें सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत थकवा ओसरला आणि उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या. डाव्या तळपायाचा थोडा बधिरपणा अद्यापि राहिला आहे. आधींपासून उपचार झाला असता तर तोहि गेला असता काय, असें आम्हीं डॉक्टरांस विचारलें. निश्चित सांगतां येत नाहीं, पण मज्जातंतूंच्या बाबतींत उशीर भोंवतो, असें ते म्हणाले. तो श्रावण ते संक्रांत एवढा काळ आम्हीं आपल्या हातानें घालविला. सूनबाईंनीं त्याविषयीं कधीं शब्द काढला नाहीं. आम्हीं मात्र त्यांची क्षमा मागितली, आणि तें घरांतील सर्वांच्या देखत.

आतां आमच्या घरीं दोन नियम झाले आहेत. सकाळचें दूध तापलें कीं पहिला पेला सूनबाईंसाठीं काढून ठेवतात. आणि रिपोर्ट हातांत घेण्यापूर्वीं, ज्याचा तो आहे त्याला जवळ बसवून “काय होतें तुला?” असें विचारून त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घेतात. वाचकांनीं आपापल्या घरीं निदान दुसरा नियम तरी आजपासून पाळावा, एवढीच विनंति आहे.