रोठा म्हणजे काय?

कॉफीचे शौकीन कूर्ग, चिकमगळूर, अराकू अशी नावे घेऊन पेला पारखतात. चहाचे जाणकार दार्जिलिंग आणि आसाम यांना एका पंक्तीस बसवीत नाहीत. आंब्याच्या बाबतीत तर आपण कोकणातले लोक देवगड की रत्नागिरी की अलिबाग, यावरून भर जेवणात भांडावयास कमी करीत नाही. सुपारीच्या वाट्याला मात्र असे रसिक फारसे आले नाहीत. ती पानात गेली की तिचे गाव कोणी विचारीत नाही. वास्तविक रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर आणि श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांतून पिकणारी रोठा सुपारी ही गावाच्या नावावर विकली जाणारी चीज आहे. त्या नावात नेमके काय भरलेले आहे, ते येथे उलगडून पाहावयाचे आहे.

आरंभ आडकित्त्यापासून करू. सुपारीचे खांड आडवे कापले तर आत पांढरा गर आणि त्यात शिरलेल्या तांबूस रेघा दिसतात. या रेघा म्हणजे बियेच्या सालीच्या घड्याच होत. बी वाढत असताना साल ठिकठिकाणी गरात दुमडून शिरते, आणि तुरटपणा देणारे टॅनिन प्रामुख्याने त्या तांबूस भागात साठते. म्हणजे पांढरा भाग जितका अधिक तितकी सुपारी गोडसर, आणि रेघा दाट तितकी ती तुरट. दुसरी गोष्ट वयाची. कोवळ्या फळात टॅनिन भरपूर असते. फळ झाडावर पिकत जाते तसतसे ते उतरते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे देशोदेशीच्या सुपाऱ्यांचा पुष्कळसा भेद आपोआप समजतो.

घाटावर शिवमोगा आणि सिरसी या बाजूस तांबडी सुपारी करतात. फळे हिरवी असतानाच उतरवावयाची, सोलावयाची, आणि पूर्वीच्या उकळीतून उरलेला दाट काढा घातलेल्या पाण्यात शिजवून वाळवावयाची. ही सुपारी रंगाने लालभडक, चकचकीत आणि चवीला तुरट. मंगळूर व कासारगोड येथे याच्या उलट चाल आहे. तेथे फळ झाडावर पूर्ण पिकू देतात, सालासकट सुमारे चाळीस दिवस उन्हात वाळवितात आणि मग सोलतात. या पांढऱ्या सुपारीला तिकडे ‘चाली’ म्हणतात. केरळात काही ठिकाणी पिकलेली फळे पाण्यात भिजत ठेवतात. आसाम-मेघालयात तर ओली, मुरविलेली सुपारी खातात. तिचा वास नवख्या माणसास सहन होत नाही, आणि ती ‘लागते’ही लवकर. सिरसीकडे एकाच बागेच्या फळांची तांबडीही करतात आणि चालीही. तेव्हा ज्याला आपण मातीची चव म्हणतो, त्यातला बराचसा भाग मातीचा नसून फळ उतरविण्याच्या वेळेचा आणि माणसाच्या हाताचा असतो. कॉफीचेही असेच आहे. एकाच मळ्यातली फळे धुऊन वाळविली तर एक चव, सालासकट वाळविली तर दुसरी.

मग आपली रोठा कोणती? करण्याची रीत पाहिली तर ती मंगळुरी चालीची बहीणच. पिकून नारिंगी झालेले फळ, हिवाळ्याचे कोरडे ऊन, आणि अंगणात रोज वर-खाली करणारे घरातल्या बायकांचे हात. निराळेपण आहे ते फळात. रोठा आकाराने मोठी, आडकित्त्याला मऊ, आणि कापल्यावर पांढरा गर भरपूर दाखविणारी असते. खाणारा तिला गोड म्हणतो ती साखरेसारखी गोड असते म्हणून नव्हे, तर तुरटपणा थोडा असतो म्हणून. हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेल्या बियाण्याचा आहे. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे ते काही उगाच नव्हे.

या नावाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मंगळूरच्या व्यापारात चालीची आकारावरून जी प्रतवारी करतात, तीत ‘मोती’, ‘जामनगर’, ‘जिनी’ यांच्या बरोबरीने ‘श्रीवर्धन’ हीही एक प्रत आहे! ज्या सुपारीने श्रीवर्धनची वेस कधी पाहिली नाही, ती केवळ मापात बसली म्हणून श्रीवर्धन ठरते. येमेनमधल्या मोखा बंदराचे नाव असेच जगभरच्या कॉफीने लावून घेतले. गावाचा लौकिक फार झाला म्हणजे गाव मागे राहते आणि नाव चाळणीवर जाऊन बसते. याला अलीकडे कायद्याचा उपाय निघाला आहे. २०१९ साली सिरसीच्या सुपारीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी कूर्ग, चिकमगळूर, अराकू येथील कॉफीलाही मिळाले, आणि २०२१ साली आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला. पण मानांकन नावाचे रक्षण करते. बियाण्याचे रक्षण बागाईतदारालाच करावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गोड सुपारी म्हणजे निरुपद्रवी सुपारी, असा समज कोणी करून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखूवाचून नुसती सुपारीदेखील माणसाला कर्करोग करते, असा निष्कर्ष दिला आहे. तोंड उघडेनासे होण्याचा विकारही तिच्यामुळेच जडतो. टॅनिन कमी असले तरी सुपारीतले मूळ द्रव्य तेच असते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. गुटखा, पानमसाला आणि आडकित्त्याने कातरलेले खांड यांत फरक जरूर आहे, पण तो कमी-अधिकपणाचा आहे. पूजेतल्या सुपारीस हा आक्षेप लागू नाही, मात्र पूजेला लोक बारीक आणि स्वस्त सुपारी घेतात. रोठ्याचा भाव खाणाराच देतो. किनाऱ्यावरच्या अनेक घरांचे वर्षाचे गणित या फळावर उभे आहे, हे जितके खरे तितकेच हेही खरे. म्हणून वाडीत पोफळीबरोबर जायफळ, मिरी आणि नारळ असणे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. पोफळीचे खोड बारीक आणि उंच. ती कोठे मुळासकट आडवी झाली, कोठे मध्येच मोडली. दाट लागवडीत, म्हणजे पावणेतीन मीटरांच्या आसपास अंतर ठेवले तर, हेक्टरी तेराशेहून अधिक झाडे बसतात. तेव्हा एक वाडी पडली म्हणजे किती जीव पडला याचा अंदाज करावा. जी उभी राहिली तीही सुखरूप राहिली असे नव्हे. शेजारच्या झाडांची सावली गेली की नैर्ऋत्येचे ऊन थेट खोडावर येते, साल भाजून तडकते, आणि ते झाड पुढे एखाद्या साध्या वाऱ्यातही मोडते.

अशा वेळी पुन्हा लावावयाचे काय? विट्टल येथील संशोधन केंद्राने १९७२ साली ‘मंगला’ ही जात दिली. ती मूळ चीनमधून आणलेल्या बियाण्याची. बुटकी, लवकर धरणारी आणि भरपूर देणारी. पडलेल्या वाडीच्या मालकाला तिचा मोह पडला तर त्याला दोष देता येणार नाही, कारण गावठी पोफळ फळावर यावयास पाच ते सात वर्षे घेते आणि तोवर घर चालवावयाचे असते. अडचण निराळीच आहे. पोफळीच्या एकाच तुऱ्यावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात, पण नरफुले आधी काही आठवडे फुलून गळतात आणि मादीफुले मागाहून उमलतात. म्हणून फळधारणा बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागावर होते. शेजारच्या वाडीत मंगला असेल तर आपल्या रोठ्याच्या झाडावरचे बी शुद्ध रोठ्याचे राहीलच असे नाही. हा पालट डोळ्यांस दिसत नाही. दहा-बारा वर्षांनी आडकित्त्याखाली दिसतो. नवी जात लावू नये असे आम्ही म्हणत नाही. वादळातून वाचलेली जुनी, एकगठ्ठा रोठ्याची वाडी गावाने बियाण्यासाठी निराळी राखावी, आणि नव्या जातीची लागवड तिच्यापासून दूर करावी, एवढेच म्हणतो.

बी कसे निवडावे, याची रीत सोपी आहे. भर वयातले, दरवर्षी नेमाने धरणारे झाड पाहावे. फळ पूर्ण पिकलेले आणि वजनदार घ्यावे. मग ती फळे पाण्यात सोडावीत. जी देठाकडची टोपी वर करून उभी तरंगतात, त्यांची उगवण चांगली होते. आडवी पडणारी बाजूस काढावीत. रोप वर्ष-दीड वर्षाचे झाले की वाडीत लावावे, आणि पहिली काही वर्षे त्याला केळीची सावली द्यावी.