रस्ता झाला, वाट गेली
(लेखमाला : जमीन आणि कायदा, लेखांक ९)

रस्त्यात जमीन गेली तर मोबदला कसा ठरतो, ते मागच्या लेखात पाहिलं. आजचं प्रकरण त्याहून अवघड आहे. जमीन गुंठाभरही गेली नाही, सातबारा जसाच्या तसा आहे. पण नवा रस्ता असा काही आला की आपल्या जागेत शिरायची सोयच उरली नाही. अशा वेळी सरकारकडे भरपाई मागता येते का?

कॅनडातल्या एका खटल्यात या प्रश्नाचा चांगला कस लागला. ओटावाच्या पश्चिमेला अँट्रिम नावाची छोटी वस्ती आहे. तिथे महामार्ग १७ च्या कडेला १९७८ पासून ट्रकवाल्यांचा एक थांबा होता. उपाहारगृह, पेट्रोल-डिझेलचे पंप, असा सगळा पसारा. सप्टेंबर २००४ मध्ये शेजारून महामार्ग ४१७ चा नवा टप्पा सुरू झाला आणि त्यावरून थांब्यात थेट वळताच येईना. सरळ रस्ता सोडून जेवणासाठी वळसा घालणारा ट्रकवाला विरळाच. धंदा तिथून हलवावा लागला.

मालकाने ऑन्टारियो सरकारवर दावा लावला. संपादनाच्या कज्ज्यांसाठीच्या मंडळाने ३,९३,००० डॉलर मंजूर केले. त्यातले ५८,००० धंद्याच्या तोट्यापोटी आणि ३,३५,००० जागेची किंमत घसरली म्हणून. अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. रस्ता लोकांच्या सोयीचा आहे याला मंडळाने पुरेसं वजन दिलं नाही, असं त्याचं म्हणणं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मंडळाचा निर्णय पुन्हा कायम केला. न्यायमूर्ती क्रॉमवेल यांची मांडणी अशी : रस्ता लोकोपयोगी आहे यात वादच नाही, प्रश्न एवढाच की सगळ्यांच्या सोयीचा भार एकाच्याच डोक्यावर किती टाकायचा? काम चालू असताना धूळ, अडथळे, चार महिन्यांची गैरसोय हे सगळ्यांनीच सोसायचं. पण एखाद्याची जागा कायमची निकामी होत असेल तर त्याला भरपाई द्यायला हवी. मला हा निकष रास्त वाटतो. ‘विकासासाठी थोडं सोसा’ असं सांगणाऱ्याला तो ‘थोडं म्हणजे किती आणि कुणी?’ असं विचारायला लावतो.

आपल्याकडे वाट अरुंद आहे. ऑन्टारियोच्या कायद्यात जमीन न घेताही झालेल्या नुकसानीची तरतूद आहे. आपल्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३जी मध्ये उरलेल्या मिळकतीला किंवा कमाईला बसणारा फटका मोजायला सांगितलं आहे खरं, पण तो ‘संपादनामुळे’ बसलेला हवा. म्हणजे ज्याची जमीन गेली त्याच्यासाठीच. त्यात २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याचं कलम २८ म्हणतं की परवानगीशिवाय महामार्गावर वाहनाने, किंवा पाच अथवा अधिक जणांनी मिळून पायी येण्याचा हक्क कुणालाच नाही! जमीन न गेलेल्याला मग उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा दिवाणी दावा एवढंच उरतं. दावा सरकारवर असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस. फार निकड असेल तरच न्यायालय त्यातून सूट देतं. आणि रस्त्याची आखणी बदला, ही मागणी न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. सेवा रस्ता द्या, पोचमार्ग द्या, असं मागणं जास्त पदरात पडतं.

म्हणून कोपऱ्यातला लहानसा तुकडा जरी संपादनात जात असेल, तरी त्याच्या दरावरच भांडत बसू नका. दावे मागवणारी जाहीर सूचना स्थानिक वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी असतं. त्या वेळीच सक्षम प्राधिकाऱ्याकडे उरलेल्या जमिनीच्या पोचरस्त्याचा आणि धंद्याचा तोटा वेगळा लिहून द्या. सोबत कामापूर्वीचे फोटो, मोजणीचा नकाशा आणि विक्रीचे हिशेब जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. निवाडा मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं, आणि तिथे हेच कागद लागतात.