रातपाळीला गेला तरी खाडा कसा पडतो? फिरत्या पाळीची हजेरी आता संगणकावर

गळीत हंगाम लागला की गावागावातली माणसं कारखान्याच्या पाळीवर जातात. बऱ्याच साखर कारखान्यांत पहाटे ४ ते दुपारी १२, दुपारी १२ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते पहाटे ४ अशा तीन पाळ्या चालतात. दर आठवड्याला पाळी बदलते, मधे साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी रिलीव्हर. पगार हातात आला की मग भांडण सुरू. "मी तर कामावर होतो, खाडा कसा काय पडला?"

यात दरवेळी टाइम ऑफिसचा लबाडपणा असतोच असं नाही. पाळीचा तक्ता भिंतीवर, हजेरी रजिस्टरात, पंच मशीनमध्ये आणि पगारपत्रक चौथ्याच ठिकाणी. महिनाअखेरीला क्लार्क हे सगळं डोळ्याने जुळवत बसतो. शंभर-दोनशे माणसं असली की चूक होणारच.

आता काही ठिकाणी हे काम डेटाबेसवर चालतं. डेटाबेस म्हणजे एकमेकांना जोडलेली रजिस्टरं. एकात कामगार, दुसऱ्यात पाळीच्या वेळा, तिसऱ्यात पाळी फिरण्याचा क्रम आणि चौथ्यात फक्त बदल, म्हणजे रजा, बदली, डबल पाळी. रोजची पाळी कोणी लिहीत नाही, ती संगणक काढतो.

ती अशी. समजा अ गट सोमवारी ३ नोव्हेंबर २०२५ ला पहिल्या पाळीवर आला. क्रम पहिली, मग तिसरी, मग दुसरी, प्रत्येकी ७ दिवस, म्हणजे २१ दिवसांचा फेरा. २० डिसेंबरला कोणती पाळी? मधे ४७ दिवस गेले. ४७ ला २१ ने भागलं की बाकी ५ उरते. बाकी ० ते ६ असेल तर पहिली, ७ ते १३ तिसरी, १४ ते २० दुसरी. म्हणजे अ गट पहिल्या पाळीवर. ब गट ७ दिवस पुढे आहे, त्याची बाकी १२, म्हणजे रातपाळी. क गटाची १९, म्हणजे दुसरी. चौथीतल्या पोरालाही जमेल असा भागाकार आहे, पण तोच अख्ख्या हंगामाचा तक्ता बनवून देतो.

खरी गोची रातपाळीची. ब गटाचा माणूस २० तारखेला रात्री ८ ला आत गेला आणि २१ तारखेला पहाटे ४ ला बाहेर आला. संगणकाने तारखेप्रमाणे मोजलं तर २० ला आत गेल्याची नोंद आहे, बाहेर आल्याची नाही. पडला खाडा! कायद्यात यावर स्पष्ट नियम आहे: मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाच्या हजेरीत धरायचे. त्यामुळे नोंद तारखेला नाही, पाळीला जोडावी लागते. हे ज्याने प्रोग्राम लिहिताना केलं नाही, त्याचा संगणक रजिस्टरापेक्षा वाईट. रजिस्टराची चूक एकदा होते, याची दर रातपाळीला.

दुसरा मुद्दा डबलचा. रिलीव्हर आला नाही की त्याच माणसाला पुढची पाळी करावी लागते. अनेकदा दोन हजेऱ्या टाकून विषय मिटवतात. पण आठवड्याचे ४८ तास भरले असतील तर त्यावरच्या ८ तासांना दुप्पट दर लागतो. म्हणजे त्या दिवसाचा दाम तीन हजेऱ्यांचा. दोनच टाकल्या तर एका दिवसाची मजुरी गेली. डेटाबेसमध्ये तास असतात, त्यामुळे हा हिशोब आपोआप निघतो. फक्त डबलची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

एका हजेरीने काय होतं असं कोणी म्हणेल. हंगामी कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस काम भरावं लागतं, तेव्हा त्या हंगामाची ७ दिवसांची मजुरी जमेला धरतात. कारखाना १२० दिवस चालला तर ९० हजेऱ्या. ८९ वर अडकलेल्याला चुकीच्या एका खाड्याची किंमत विचारा.

तक्ता म्हणजे हजेरी नव्हे, हेही ध्यानात ठेवावं लागतं. तक्त्यात नाव आहे पण माणूस आलाच नाही, असं होतं. म्हणून संगणक तक्ता आणि पंच समोरासमोर ठेवतो, जिथे जुळत नाही तेवढ्याच ओळी वेगळ्या काढतो आणि त्या सुपरवायझरने तपासायच्या. कोणी कधी काय बदललं हेही नोंदलं गेलं पाहिजे. माणूस मधेच अ मधून क गटात गेला तर जुनं नाव खोडायचं नाही, "या तारखेपासून क गट" अशी नवी ओळ टाकायची. नाहीतर मागच्या महिन्याच्या पाळ्याही बदलून जातात.

कामगारांनी एवढं करावं: पगाराच्या आधी आपला महिन्याचा हजेरी तक्ता मागावा, मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि आधी रातपाळीच्या तारखा बघाव्यात, त्यातही महिन्याची शेवटची रात्र. ती दोन महिन्यांच्या मधे सापडते आणि बहुतेक वेळा तीच गळते.